बोक्याच्या डोक्याला काम

मार्शलला कंटाळा आला होता. हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर गायींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरं ओढली, त्याने माझ्या नणंदेच्या, बुरुलच्या, बोक्याला टेबलावर उताणा पाडला, त्याचं टक्कल पडलेलं पोट बोटाने चाचपलं आणि निकाल दिला.

"रोग नाही. कंटाळा आहे. कंटाळून स्वतःला चाटत बसतो. याच्या डोक्याला काम द्या. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं."

मी टोपली धरायला सोबत गेले होते. मला हसू आवरेना. आमच्या काराकोल शहरात निम्म्या पुरुषांच्या डोक्याला काम नाही. ते काही स्वतःला चाटत बसत नाहीत. फार तर पितात.

बुरुल मात्र हसली नाही. ती इस्पितळात नर्स आहे, डॉक्टरने सांगितलं की ते करायचं एवढंच तिला कळतं. येताना तिने बाजारातून भोकं पाडलेला एक चेंडू घेतला. त्यात मांजराच्या खाद्याचे दाणे भरायचे आणि बोक्याने चेंडू ढकलत ढकलत ते काढून खायचे. सेलवर पळणारा एक उंदीर घेतला. घरी आल्यावर मोबाईलवर चिमण्यांचा व्हिडिओ लावून त्याच्या तोंडासमोर धरला. मार्शलने चेंडूकडे पाहिलं, उंदराकडे पाहिलं, चिमण्यांकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

खिडकीपाशी खुर्चीत आणखी एक जण असाच बसलेला होता. माझे सासरे. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून मी इथेही घेणार नाही. मी त्यांना अताके म्हणते, म्हणजे बाबा. चाळीस वर्षं गरुड पाळून कोल्ह्यांची शिकार केलेला माणूस. सासूबाई गेल्या, मग घोडा बर्फावरून घसरला, खुबा मोडला, आणि आम्ही त्यांना डोंगरातून उचलून बुरुलच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझा नवरा तालाय राहतो. खुबा जुळला. डॉक्टर म्हणाले चाला. अताके चालले नाहीत. आठ महिने डोंगराकडे बघत बसून राहिले. काही विचारलं तर "हं". नाही विचारलं तरी "हं".

आणि त्या खुर्चीपायी बुरुलचं लग्न अडकलं होतं. आमच्या मोठ्या सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, बालिक्ची गावात, एर्मेक नावाचा भूगोलाचा मास्तर तिची दोन वर्षं वाट बघत होता. चांगला माणूस. जरा टकला, पण पोरगी चौतिशीची झाली की केस मोजत नाहीत. त्याने शेवटचं विचारलं होतं : या हिवाळ्यात आईवडिलांना घेऊन येऊ, की हा विषय मी कायमचा सोडू?

"जेंगे, कशी जाऊ?" बुरुल मला म्हणाली. जेंगे म्हणजे वहिनी. "मी गेले तर ते त्या खुर्चीतच संपतील."

"मी आहे ना दोन मजले खाली."

तिने माझ्या मशीनशेजारच्या ढिगाकडे पाहिलं. मी शाळेचे गणवेश शिवते, ऑगस्टमध्ये माझ्या घरात जमीन दिसत नाही. "तुला शिंकायला तरी वेळ आहे का?"

तर त्या दिवशी ती मोबाईल धरून बोक्याची विनवणी करत असताना खुर्चीतून आवाज आला.

"काय झालंय त्याला?"

आठ महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. बुरुलच्या हातून मोबाईल पडता पडता राहिला. "कंटाळा आलाय, अताके. डॉक्टर म्हणाले."

"कंटाळा? तो काय कचेरीत जातो?" अताकेंनी बोक्याला खालून वर न्याहाळलं. "पोट भरलेल्या जनावराला मोबाईलवर पाखरं दाखवतेस. उद्या मला टीव्हीवर मटण दाखव."

मग पुन्हा "हं" आणि पुन्हा डोंगर.

तीन दिवसांनी सकाळी वरून धपाधप आवाज यायला लागले. बुरुल कामावर गेलेली. मला वाटलं म्हातारा पडला. कात्री हातात तशीच घेऊन मी दोन मजले पळत चढले. दार उघडून बघते तर अताके पॅसेजच्या टोकाला काठी टेकून उभे. उभे! दुसऱ्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला काहीतरी लालभडक केसाळ, आणि त्याच्या मागे मार्शल, ढेरी सावरत, नख्या घसरवत, धावतोय.

"हाय्त! हाय्त!" अताके शिकारीची आरोळी ठोकत होते.

मला रडू येणार तेवढ्यात मी ते लाल केसाळ ओळखलं.

"अताके, ही माझ्या कोटाची कॉलर आहे."

"होती."

"माझ्या लग्नातला कोट आहे तो! घरात जागा नाही म्हणून इथे टांगलाय! खऱ्या कोल्ह्याची कॉलर!"

"म्हणून तर घेतली. खोट्याच्या मागे कोण धावेल?" ते जराही वरमले नाहीत. "अकरा वर्षं दारामागे टांगलेली होती. तिलाही कंटाळा आला असेल."

सासरा नसता तर मी काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासरा होता, म्हणून मी चहा केला.

चहा पिता पिता त्यांनी मला शिकवणी दिली. गरुडाला शिकार शिकवताना कोल्ह्याचं कातडं दोरीला बांधून घोड्यामागून फरफटत नेतात. त्याला म्हणतात चिरगा. पाखराने त्यावर झडप घातली, मान पकडली, की त्याच क्षणी, त्या जागेवर, मालकाने आपल्या हाताने मांस द्यायचं. उशीर झाला तर शिकवण फुकट. आणि त्याआधी उपाशी ठेवायचं. फार नाही, डोळ्यात चमक येईल एवढंच.

"आणि ते वाटीतले दाणे बंद. आयतं खाऊन कुणाचं डोकं चाललंय?" हे म्हणताना त्यांनी खाली माझ्या घराच्या दिशेने पाहिलं. तालाय त्या दिवशी सुट्टीवर होता आणि झोपला होता, त्यामुळे मी वाद घातला नाही.

अताकेंनी सगळं शास्त्राप्रमाणे केलं. मांस रात्रभर पाण्यात भिजवून, त्यातला जोर काढून, पांढरं करून द्यायचे. रोज सकाळी बोक्याला दोन्ही तळहातांवर तोलायचे आणि सांगायचे, "अजून दोन मुठी चरबी आहे." गरुडाला असते तशी डोळ्यांवर घालायची चामड्याची झापड त्यांनी माझ्याकडून शिवून घेतली. मी आयुष्यात हजारो पँटी शिवल्या, बोक्याची झापड पहिलीच. ती घातल्यावर मार्शल उलटा चालत चालत सगळी खोली फिरला, कपाटावर आपटला, आणि मग अताकेंच्या नाकावर तीन उभ्या रेघा ओढून मोकळा झाला.

"गरुड बरा," अताके रक्त पुसत म्हणाले. झापडीचा नाद सुटला.

बाकी सगळं मात्र जमलं. पॅसेज पुरेना तेव्हा शिकार जिन्यात उतरली. चौथ्या मजल्यावरून दोरी खाली सोडायची, कॉलर पायऱ्यांवरून थडथडत जायची, मागून मार्शल, त्याच्यामागून काठी टेकत अताके. पहिल्या मजल्यावरच्या क्लावा आजीने आधी तक्रार केली, मग दुसऱ्या आठवड्यात स्टूल घेऊन बघायला बसायला लागली. मार्शलने चाटणं सोडलं. पोटावर लव आली. ढेरी गेली, खांदे आले. कपाटावर चढून तो असा बसायचा की मलाच त्याच्याशी अदबीने बोलावंसं वाटायचं.

आणि अताके दिवसाला चार मजले चार वेळा उतरत-चढत होते. बुरुल आल्यावर तिला मोठमोठ्याने सांगायचे, "आज तिसऱ्या पायरीवर मान धरली! उद्या मी त्याला वळणावर चकवणार आहे. माझ्याकडे वेळच नाही बघ. दिवस कुठे जातो कळत नाही."

बुरुल ऐकून घ्यायची, हसायची. एका संध्याकाळी ती खाली येऊन माझ्या गणवेशांच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "जेंगे, मी एर्मेकला फोन केला. या म्हटलं." मी तिला मिठी मारली. तिला तीन टाचण्या टोचल्या, पण ती काही बोलली नाही.

एर्मेकच्या आईवडिलांनी येऊन मुलीच्या कानात कर्णफुलं घालायची, की सोयरीक पक्की. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी ते आले. मी बेशबर्माक या मटणाच्या मानाच्या पदार्थासाठी पहाटेपासून मेंढी शिजवत होते. बोक्याला न्हाणीघरात कोंडू या, असं मी सुचवलं होतं. अताके भडकले. "पाहुणे आल्यावर शिकाऱ्याचं जनावर संडासात? लोक काय म्हणतील?" शेवटी मार्शल कपाटावर बसला आणि तिथेच राहिला.

व्याह्यांचं नाव जुनुश. आम्ही त्यांना कुदा म्हणायचं. उंच, गंभीर, बालिक्चीच्या गोदीत आयुष्यभर हिशेबनीस राहिलेला माणूस. वाक्य बोलण्याआधी मनात त्याची बेरीज करून बघणारा. त्यांची बायको साइराकान बुटकी, जाडजूड, अजून एक शब्दही न बोललेली. आम्ही कुदांना मानाच्या जागी बसवलं, दारासमोर, भिंतीला टेकून. म्हणजे कपाटाखाली.

त्यांच्या डोक्यावर टोपी होती. लाल कोल्ह्याची. मागे शेपूट लोंबत होती.

माझी शप्पथ, घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. टोपी म्हणजे टोपी. डिसेंबरात प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोक्यावर ती असते आणि मानाचा पाहुणा जेवतानाही ती काढत नाही. आमच्यात पुरुषाची टोपी जमिनीवर ठेवत नाहीत, पायाशी ठेवत नाहीत, तिला कुणी हात लावत नाही. टोपीवरून भाऊ भावाशी वीस वर्षं बोललेला नाही, असं घर मला माहीत आहे.

मी मांस वाटलं. मानाचा तुकडा कुदांच्या ताटात ठेवला. अताकेंनी काहीतरी चांगलं म्हटलं, कुदांनी मनात बेरीज केली आणि मान डोलावली. शेपूट हलली.

मार्शल कपाटावरून आला तो आवाज न करता आला. एका क्षणी कुदा टोपीत होते, दुसऱ्या क्षणी टोपी गालिच्यावर होती आणि मार्शलने तिची मान धरली होती, म्हणजे जिथे मान असायला हवी तिथे, आणि मागच्या दोन्ही पायांनी तिचं पोट फाडत होता. फर उडून बेशबर्माकवर पडत होती. कुदांचं डोकं उघडं, गुळगुळीत, पोराच्या डोक्याचं भविष्यच.

दारात चहाची किटली घेऊन बुरुल उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि ताटावरची फर भराभर वेचायला लागले.

आता माफी मागायची. कुणीही मागेल. पण अताके काठीशिवाय उठले, डोळे पेटलेले, "हाय्त! हाय्त! शाब्बास माझ्या वाघा!" असं गरजले, आणि शिकार झाल्यावर त्याच क्षणी, त्याच जागी मांस द्यायचं असतं म्हणून त्यांनी हात लांब केला, कुदांच्या ताटातला मानाचा तुकडा उचलला, आणि बोक्याला घातला.

मार्शल त्यांच्या हातातूनच मांस ओरबाडून चावायला लागला.

अताके भानावर आले. त्यांनी हातातल्या हाडाकडे पाहिलं, मग बुरुलकडे. त्यांचा रंग उतरला. इतकं घाबरलेलं मी त्यांना घोड्याखाली अडकलेले असतानाही पाहिलं नव्हतं. "कुदा," ते पुटपुटले, "हात... हाताला सवय..."

जुनुश कुदा सावकाश उठले. "एर्मेकची आई, चल."

साइराकान उठली नाही. तिने फाटक्या टोपीकडे बघितलं, बोक्याकडे बघितलं, आणि त्या दिवशीचा पहिला शब्द उच्चारला.

"शिराल्गा!"

शिकार घेऊन परतणाऱ्याला वाटेत भेटून जो हा शब्द म्हणेल, त्याला वाटा द्यावाच लागतो. नाही म्हणणारा शिकारी नव्हेच. हा शब्द डोंगरातल्या माणसांचा. गोदीतल्या बाईच्या तोंडी तो कुठून आला, म्हणून आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"माझा बाप ससाणा पाळायचा," ती म्हणाली. "काय बघताय? शिकार झाली, मी शब्द टाकला. द्या माझा वाटा."

अताकेंनी मार्शलच्या पंजांतून टोपी सोडवली, दोन्ही हातांवर घेतली आणि वाकून तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती उलटसुलट केली.

"एकतीस वर्षं हिचा वास सोसला," ती नवऱ्याला म्हणाली. "धुवायची नाही, टाकायची नाही. एकदाची मारली कुणीतरी. बसा आता. उघड्या डोक्याने बाहेर गेलात तर निमोनिया होईल, आणि सेवा मीच करायची."

कुदांनी बेरीज केली. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. ते बसले. मी धावत खाली जाऊन तालायची नवी कोरी टोपी आणली आणि अताकेंनी ती मानाने कुदांच्या डोक्यावर घातली. कोट माझा, टोपी माझ्या नवऱ्याची; या लग्नात माझं घर चांगलंच नागवलं गेलं. पण साइराकानने बुरुलला जवळ बसवून तिच्या कानात कर्णफुलं घातली, आणि कुदांनी उरलेलं मांस बोक्याकडे एक डोळा ठेवून संपवलं.

जानेवारीत लग्न झालं. बुरुलला न्यायला गाडी आली त्या दुपारी अताके खाली उतरले नाहीत. वरच निरोप घेतला, आणि तोही कसा? "जा, जा. मला मार्शलला जिन्यात न्यायचंय." मी तिची बॅग घेऊन खाली गेले. गाडीत बसण्याआधी तिने मला बाजूला ओढलं.

"जेंगे, त्यांना मांजरं आवडत नाहीत."

"काय बोलतेस?"

"कधीच आवडली नाहीत. त्यांच्या केसांना हात लागला तरी शिंका येतात. मी कामावर गेल्यावर खेळ सोडला तर त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत, क्लावा आजीने सांगितलं. खेळ संपला की खुर्ची." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "एवढा म्हातारा माणूस मोडक्या खुब्याने चार मजले धावून मला घराबाहेर काढतोय. न जाणं बरं दिसेल का? तू मात्र काही बोलू नकोस. मी फसलेय, एवढंच त्यांना कळू दे."

मी वर गेले. अताके खिडकीपाशी उभे होते, पण खिडकीत नाही. बाजूच्या भिंतीला चिकटून, खालून दिसणार नाहीत असे. हातातली दोरी त्यांनी चौकटीवरून सोडली होती आणि ती हलवत होते. माझी कॉलर काचेवर नाचत होती आणि मार्शल तिच्यावर उड्या मारत होता. अताकेंच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं. मधूनच एक शिंक आली ती त्यांनी बाहीत दाबली.

"गरुड सोडताना," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "त्याच्यासमोर मेंढी कापून ठेवायची आणि आपण टेकडीमागे लपायचं. आपण एकटे उभे दिसलो की तो परत येतो. खुर्चीत बसलेला दिसलो असतो तर ही गेली असती का? वर बघतेय का ती?"

मी काचेतून खाली पाहिलं. बुरुल गाडीच्या दारात उभी राहून मान वर करून बघत होती. तिने हात हलवला. मग आत बसली, आणि गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली.

"बघितलं, अताके."

"बोका दिसला तिला? खेळताना?"

"दिसला."

त्यांनी दोरी सोडली आणि भिंतीला टेकले. मी त्यांना खुर्चीकडे न्यायला गेले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

"फसली ना?"

"पुरती फसली," मी म्हटलं.